दाब आणि वेग : टर्बो इंजिन अधिक फेऱ्यांवर सुरक्षितपणे चालवण्यासंबंधी – प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढवण्याचे मूलतः दोनच मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे सिलिंडरमध्ये दर खेपेला अधिक हवा आणि तिच्या प्रमाणात अधिक इंधन भरून प्रत्येक ज्वलनाचा जोर वाढवणे, आणि दुसरा म्हणजे ज्वलनाचा जोर तोच ठेवून एका मिनिटात होणाऱ्या ज्वलनांची संख्या, अर्थात क्रँकशाफ्टचे फेरे, वाढवणे. टर्बोचार्जर हे पहिल्या मार्गाचे साधन होय. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक टर्बाइन फिरते, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा ओढून दाबते, आणि वातावरणापेक्षा जास्त दाबाची ही हवा, जिला व्यवहारात ‘बूस्ट’ म्हणतात, इंजिनाला पुरवली जाते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय या दोन मार्गांच्या संगमाचा आहे : आधीच दाबाने भरलेले इंजिन आणखी वेगाने फिरवायचे आणि तरीही ते शाबूत ठेवायचे, हे कसे साधते. या विषयात वारंवार होणारी चूक अशी की दाबाचे ओझे आणि वेगाचे ओझे एकाच जातीचे मानले जाते आणि ‘मजबूत’ सुटे भाग बसवले की दोन्हींची सोय झाली, असे समजले जाते. वस्तुतः ही दोन ओझी वेगवेगळ्या दिशेने, वेगवेगळ्या क्षणी आणि वेगवेगळ्या भागांवर पडतात. आणि पुष्कळदा एकासाठी केलेला उपाय दुसऱ्याच्या दृष्टीने अपाय ठरतो.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांची असून तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. जहाजांची आणि विमानांची इंजिने, मग मालट्रकांची डिझेल इंजिने असा प्रवास करत ती १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या मोटारींत आली. शर्यतीच्या क्षेत्रात १९७७ साली सिल्व्हरस्टोन येथे रेनोने दीड लिटरचे टर्बो इंजिन पहिल्यांदा फॉर्म्युला वनमध्ये उतरवले, आणि दोन वर्षे सतत इंजिने निकामी होत राहिल्यानंतर १९७९ मध्ये दिजाँ येथे त्याच तंत्राने पहिला विजय मिळवला. त्या दोन वर्षांत जळालेले पिस्टन आणि निकामी झालेले टर्बो हेच या शास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

सर्वसाधारण विवेचन हवेत राहते, म्हणून या पुस्तकात एक विशिष्ट इंजिन आधारादाखल घेतले आहे : निस्सान कंपनीचे ‘आरबी २६ डीईटीटी’. १९८९ साली स्कायलाइन जीटी-आर या मोटारीत आलेले आणि २००२ पर्यंत जीटी-आरच्या तीन पिढ्यांत वापरले गेलेले हे सहा सिलिंडरांचे, एका रांगेत मांडणी असलेले इंजिन आहे. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास, ८६ मि.मी. आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ७३.७ मि.मी. असून एकूण क्षमता २५६८ घन सेंटिमीटर भरते. ही क्षमता शर्यतीच्या नियमांतून आली. त्या काळच्या ‘ग्रुप ए’ शर्यतींत टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरली जाई. २५६८ ला १.७ ने गुणल्यास सुमारे ४३६६ येतात आणि मोटार साडेचार लिटरच्या वर्गात बसते. कारखान्यातून २८० पीएस एवढी घोषित शक्ती घेऊन निघणारे हे इंजिन शर्यतीत पाचशेहून अधिक पीएस देत असे. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार वर्षांत सलग २९ शर्यती या मोटारीने जिंकल्या, तर ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची शर्यत १९९१ आणि १९९२ अशी दोनदा तिच्या नावावर लागली. तथापि हे इंजिन निवडण्याचे खरे कारण त्याची कीर्ती नव्हे. त्याचा ओतीव लोखंडाचा ब्लॉक, सात मेन बेअरिंगांचा घडीव क्रँकशाफ्ट आणि पिस्टनखाली तेलाचा फवारा सोडणाऱ्या नळ्या ही त्याची बलस्थाने जितकी बोधप्रद आहेत, तितकेच किंवा त्याहून अधिक बोधप्रद त्याचे दोष आहेत, कारण ते दोष बहुतांशी दाबामुळे नव्हे तर वेगामुळे उघडे पडतात.

येथे एक प्रश्न प्रारंभीच सोडवून घेणे अगत्याचे आहे. टर्बोमुळे कमी फेऱ्यांवरही भरपूर जोर मिळत असेल, तर फेरे वाढवण्याचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर टॉर्क आणि शक्ती यांच्या नात्यात आहे. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ. शक्ती म्हणजे तो पीळ किती वेगाने दिला जातो याचे माप. ५०० न्यूटन-मीटरचा टॉर्क मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सुमारे ३१४ किलोवॅट शक्ती देतो आणि तोच टॉर्क ८००० फेऱ्यांवर टिकवता आला, तर सुमारे ४१९ किलोवॅट मिळतात. टॉर्क वाढवूनही हा आकडा गाठता येतो. पण टॉर्क वाढला की गिअरबॉक्स, क्लच, हेड गॅस्केट आणि पिस्टनचा माथा या सर्वांवरचा भार त्याच प्रमाणात वाढतो आणि नॉकिंगचा धोका बळावतो. नॉकिंग म्हणजे ज्योत पोहोचण्यापूर्वीच सिलिंडरच्या कोपऱ्यातील मिश्रणाने एकदम पेट घेणे; त्यातून उठणाऱ्या दाबाच्या लाटा पिस्टनच्या कडा आणि रिंगांमधील भिंती फोडतात. फेरे वाढवून शक्ती मिळवली, तर प्रत्येक ज्वलनाचा जोर आटोक्यात राहतो आणि कोपऱ्यातील मिश्रणाला आपोआप पेटण्यास वेळही कमी मिळतो. शर्यतीत एकच गिअर अधिक काळ धरून ठेवता येतो, हा फायदा वेगळाच. परंतु ज्या मोटारीचा गिअरबॉक्स भक्कम आहे, इंधन चांगल्या ऑक्टेनचे आहे आणि जिला शहरातील रस्त्यांवर चालायचे आहे, तिच्यासाठी फेरे वाढवणे हा बहुधा चुकीचा निर्णय ठरतो. आणि हे सांगणे या पुस्तकाच्या विषयाला छेद देणारे असले तरी ते येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

फेऱ्यांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. १९८८ च्या हंगामात मॅक्लारेनच्या मोटारीने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, त्या होंडाच्या दीड लिटर टर्बो इंजिनाच्या जोरावर. त्या वर्षी बूस्टची मर्यादा निरपेक्ष मापाने अडीच बार आणि संपूर्ण शर्यतीसाठी इंधन १५० लिटर इतकेच मंजूर होते. ते इंजिन मिनिटाला साधारण साडेबारा हजार फेरे घेई. हा आकडा ऐकून आरबी २६ चे आठ हजार फेरे मामुली वाटतील. पण होंडाचा स्ट्रोक केवळ ५०.८ मि.मी. होता. पिस्टनचा सरासरी वेग, म्हणजे स्ट्रोकच्या दुपटीला दर सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणून येणारा आकडा, काढला तर होंडासाठी तो सेकंदाला सुमारे २१.२ मीटर येतो, आणि आरबी २६ हाच वेग ८६०० फेऱ्यांवर गाठते. रिंगांची झीज, सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर आणि घर्षणाची उष्णता यांचा हिशेब या सरासरी वेगाशी बांधलेला असतो. म्हणूनच पुष्कळ इंजिनांच्या बाबतीत सेकंदाला २० मीटरपर्यंतचा वेग दीर्घायुष्याचा, तर २५ मीटरच्या पुढचा वेग शर्यतीतील अल्पायुष्याचा मानण्याची पद्धत आहे. आरबी २६ चा स्ट्रोक ७७.७ मि.मी. करून क्षमता वाढवण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिने बूस्ट लवकर मिळतो हे खरे, पण ९००० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २२.१ वरून २३.३ मीटरवर जातो. क्षमता आणि फेरे दोन्ही एकदम वाढवू पाहणाऱ्याने ही किंमत आधी लिहून ठेवावी.

सरासरी वेग मात्र अर्धीच कथा सांगतो. पिस्टन दर फेऱ्यात दोनदा पूर्ण थांबतो आणि दोनदा उलट दिशेने निघतो, आणि पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारे कनेक्टिंग रॉड तुटतात ते या थांबण्या-निघण्यामुळे. वरच्या टोकाला पिस्टनचे त्वरण सर्वाधिक असते. आरबी २६ चा क्रँकचा हात ३६.८५ मि.मी. आणि रॉडची लांबी १२१.५ मि.मी. धरून गणित केले, तर ८००० फेऱ्यांवर हे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३४०० पट आणि ९००० फेऱ्यांवर सुमारे ४३५० पट येते. फेरे अवघे साडेबारा टक्के वाढले, पण त्वरण साडेसव्वीस टक्के वाढले, कारण ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेबासाठी पिस्टन, रिंगा, पिन आणि रॉडचा वरचा भाग मिळून अर्धा किलो वजन धरले, तर ९००० फेऱ्यांवर त्या अर्ध्या किलोला थोपवून खाली ओढण्यासाठी रॉडला सव्वादोन टनांच्या जवळपास जोर लावावा लागतो, आणि हे दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा. याउलट ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधील दाब १०० बारपर्यंत चढला, असे मानले तर ८६ मि.मी. व्यासाच्या पिस्टनवर सुमारे ५.९ टनांचा भार खाली येतो.

आकडे पाहता ज्वलनाचा भार मोठा दिसतो आणि त्यामुळेच अनेकांची दिशाभूल होते. ज्वलनाचा भार रॉडला दाबतो. जडत्वाचा भार रॉडला ताणतो. पोलाद दाब सहज सोसते, पण पुनःपुन्हा येणाऱ्या ताणाने त्यात सूक्ष्म भेगा पडतात आणि वाढत जातात. यालाच धातूचा थकवा म्हणतात. त्यातही सर्वांत नाजूक जागा म्हणजे रॉडच्या मोठ्या टोकाची कॅप धरून ठेवणारे बोल्ट, ज्यांच्यावर ज्वलनाचा भार येतच नाही. त्यांच्या वाट्याला केवळ ताण येतो. हा ताण सर्वाधिक होतो तो एक्झॉस्टच्या शेवटी आणि नवी हवा येण्याच्या प्रारंभी, पिस्टन वरच्या टोकाला असताना, कारण त्या क्षणी त्याला खाली ढकलणारा वायूचा दाब जवळपास नसतो. उलट ज्वलनाच्या क्षणी जडत्वाचा जोर वायूच्या दाबाच्या विरुद्ध दिशेने असल्यामुळे रॉडवरचा निव्वळ दाब काहीसा हलकाच होतो. यातून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी चमत्कारिक, पण संपूर्ण सत्य आहे : केवळ बूस्ट वाढवल्याने रॉडचे बोल्ट तुटत नाहीत आणि केवळ बूस्ट कमी केल्याने ते वाचत नाहीत. म्हणूनच रॉडच्या बोल्टवर पैसा वाचवू नये, आणि ते आवळताना टॉर्क पान्यावर विसंबण्याऐवजी बोल्ट किती लांबला हे मापून आवळावेत, हा आग्रह या पुस्तकात सर्वत्र आहे. पान्याचा आकडा आटे किती घासतात यावर अवलंबून असतो; लांबी खोटे बोलत नाही. बोल्टला दिलेला प्रारंभिक ताण कामाच्या वेळी येणाऱ्या ताणापेक्षा जास्त असला पाहिजे, तरच कॅप आणि रॉड यांच्यात फट पडत नाही आणि बोल्टला प्रत्येक फेऱ्याचा हिसका जाणवत नाही.

पिस्टनच्या बाबतीत दाब आणि वेग यांचा विरोध उघडच होतो. बूस्टसाठी जाड माथ्याचा पिस्टन आणि जाड भिंतीची पिन हवी. फेऱ्यांसाठी दोन्ही हलके हवेत. घडीव पिस्टनांच्या दोन मिश्रधातूंपैकी २६१८ या कमी सिलिकॉनच्या मिश्रधातूचा पिस्टन नॉकिंगचा मार सोसतो, पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये अधिक फट ठेवावी लागते आणि थंड इंजिन खडखडते. ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूचा पिस्टन शांत चालतो, पण मार बसला की तडकतो. टर्बोच्या उष्णतेमुळे रिंगांच्या टोकांमधील फटही वाढवून ठेवावी लागते, कारण तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडली तर रिंग पुढे फुगण्यास जागा राहत नाही आणि ती पिस्टनच्या कडेसकट तुटते. फेरे वाढले की जड रिंग खोबणीत थरथरू लागते आणि वायू खाली गळतो. त्यामुळे पातळ, हलक्या रिंगा या दोन्ही गरजांचा त्यातल्या त्यात चांगला मेळ घालतात.

आरबी २६ चा सर्वांत प्रसिद्ध दोष क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला आहे. तेथे तेलाचा पंप थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला असून त्याचे आतले चाक क्रँकशाफ्टच्या दोन चपट्या बाजूंनी फिरवले जाते. पहिल्या पिढीच्या इंजिनांत हा चपटा भाग आखूड होता, त्यामुळे पंपाच्या चाकाचा थोडाच भाग त्यावर टेकत असे. पुढे कंपनीने तो लांब केला, आणि जुन्या क्रँकशाफ्टांवर त्यासाठी वेगळी कॉलर चढवण्याची पद्धत रूढ झाली. पण आखूड टेकू हे अपुरे कारण आहे. सहा सिलिंडरांचा क्रँकशाफ्ट लांब असतो. प्रत्येक ज्वलनाच्या तडाख्याने तो किंचित पिळला जातो आणि सुटल्यावर उलट पिळतो. विशिष्ट फेऱ्यांवर हे तडाखे क्रँकशाफ्टच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतात आणि पिळण्याचे प्रमाण वाढत जाते. त्याचा सर्वाधिक हिसका मोकळ्या पुढच्या टोकाला, म्हणजे नेमका पंपाच्या चाकाला, बसतो, आणि धातूची पूड दाबून घडवलेले ते चाक तडकते. इंजिन फेऱ्यांच्या मर्यादेवर पुनःपुन्हा आदळले आणि मर्यादा राखण्यासाठी ठिणगी तोडली जात असली, तर हे हिसके आणखी विषम होतात. तेलाचा दाब नाहीसा झाल्यापासून बेअरिंगे खलास होण्यास काही सेकंद पुरतात. यावरचा उपाय केवळ पोलादाच्या अखंड तुकड्यातून कापलेले चाक बसवणे नव्हे. पुढच्या टोकाच्या पुलीतील डॅम्पर, म्हणजे रबराने किंवा चिकट द्रवाने ही पीळ कंपने शोषणारे वजन, सुस्थितीत आणि वाढलेल्या फेऱ्यांना जुळणारे असणे हा खरा उपाय आहे. वजन वाचवण्यासाठी डॅम्पर काढून अ‍ॅल्युमिनियमची साधी पुली लावणे हा या इंजिनावर केलेला सर्वांत महागडा हलकेपणा होय.

तेलाचा प्रश्न पंपापाशी संपत नाही. जास्त फेऱ्यांवर पंप हेडमध्ये इतके तेल लोटतो की ते खाली परतण्यापूर्वीच वर साचते आणि सम्प, म्हणजे खालची तेलाची टाकी, रिकामी होऊ लागते. टर्बो इंजिनात ही अडचण दुणावते, कारण रिंगांवरून गळून क्रँककेसमध्ये उतरणारा वायू बाहेर पडण्यासाठी त्याच परतीच्या भोकांतून वर चढतो आणि उतरणाऱ्या तेलाला अडवतो. हेडकडे जाणाऱ्या तेलमार्गात अरुंद भोकाचा अडथळा बसवणे, परतीची भोके मोठी करणे, हेडच्या मागच्या बाजूने सम्पपर्यंत स्वतंत्र नळी काढणे, क्रँककेसमधील वायूला वेगळी प्रशस्त वाट देणे आणि सम्पमध्ये आडपडदे घालून वळणावर तेल एका बाजूला जाऊ न देणे, हे सारे उपाय एकत्र केले तरच उपयोगी पडतात. त्यातला एखादाच केल्याने अडचण केवळ जागा बदलते. जर्नल, म्हणजे क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, आणि बेअरिंग यांच्यातील फट साधारणपणे जर्नलच्या व्यासाच्या एक सहस्रांश ठेवावी, म्हणजे ५५ मि.मी.च्या मेन जर्नलला सुमारे ०.०५५ मि.मी., असा जुना संकेत आहे. आणि प्रत्येक हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार तेलाचा दाब असावा, असा दुसरा. दोन्ही संकेत प्रारंभासाठी ठीक आहेत. पण फट वाढवली की तेल अधिक वाहून जाते आणि दाब टिकवण्यासाठी पंप मोठा लागतो, मोठा पंप हेड अधिक भरतो, आणि मूळ अडचण परत उभी राहते. शिवाय रॉडच्या बेअरिंगपर्यंत जाणाऱ्या तेलाला आधी मेन जर्नलच्या मध्याकडे, म्हणजे अपकेंद्री जोराच्या विरुद्ध, शिरावे लागते, आणि हा विरोधही फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. इंजिन बांधणीत तेलाचा विचार सर्वांत शेवटी केला जातो. या पुस्तकात तो कॅम आणि टर्बोच्या आधी येतो, तो याच कारणाने.

व्हॉल्व्हच्या यंत्रणेला फेऱ्यांची मर्यादा स्प्रिंग घालून देते. मिनिटाला ८००० फेऱ्यांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडून मिटतो. कॅमचा उंचवटा ओसरू लागल्यावर व्हॉल्व्हने त्याच्या मागोमाग परतले पाहिजे. स्प्रिंगचा जोर अपुरा पडला, तर व्हॉल्व्ह कॅमला सोडून तरंगतो, उशिरा आणि आदळत मिटतो, आणि कधी पिस्टनलाही गाठतो. स्प्रिंगला स्वतःचेही एक कंपन असते. ते जागे झाले तर तिचे वेढे आपापसांत लाटेसारखे हलतात आणि ऐन वेळी तिचा जोर हरवतो. यात टर्बोची भर अशी की इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्टचा दाब सतत त्याला उघडू पाहतो. ३४ मि.मी. व्यासाच्या व्हॉल्व्हवर दीड बार बूस्ट म्हणजे सुमारे १४ किलोचा भार. स्प्रिंगच्या मिटलेल्या स्थितीतील जोरातून तेवढा वजा झालाच म्हणून समजावे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही टर्बाइनपूर्वीचा तुंबलेला दाब असाच सतावतो. म्हणून टर्बोविना चालणाऱ्या इंजिनावर ९००० फेऱ्यांना पुरलेली स्प्रिंग त्याच कॅमवर, त्याच फेऱ्यांवर टर्बो लावताच अपुरी ठरू शकते. आरबी २६ मध्ये व्हॉल्व्ह आणि कॅम यांच्यामध्ये शिमने, म्हणजे पातळ चकतीने, फट जुळवायचे भरीव टॅपेट आहेत, हे त्याचे भाग्य. त्याच्याच घराण्यातील आरबी २५ च्या आधीच्या आवृत्त्यांत तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट असून ते अतिवेगात फुगून व्हॉल्व्ह पुरते मिटू देत नाहीत. धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूने व्हॉल्व्ह मिटवण्याची रेनोची युक्ती १९८६ साली पहिल्यांदा शर्यतीत आली, तीही टर्बो इंजिनावरच, हा योगायोग मानता येत नाही.

इंजिन वरच्या फेऱ्यांवर यांत्रिकदृष्ट्या टिकले तरी तेथे श्वास घेऊ शकले नाही, तर सारे श्रम वाया जातात. मूळ टर्बो कमी फेऱ्यांसाठी निवडलेला असेल, तर वर जाताना त्याच्या टर्बाइनमधून वायू पुरेसा निघत नाही, एक्झॉस्टमधील दाब बूस्टपेक्षा वर चढतो, जळलेला वायू सिलिंडरमध्येच उरतो आणि तापमान व नॉकिंग दोन्ही वाढतात. आरबी २६ च्या कारखान्यातून आलेल्या टर्बोंत टर्बाइनची चाके सिरॅमिकची असल्यामुळे वाढीव बूस्टवर ती फुटण्याचा स्वतंत्र धोका आहे. हवा दाबली की ती तापतेच : २७ अंशांची हवा दोन बार निरपेक्ष दाबापर्यंत नेताना कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तरी ती सुमारे १२० अंशांवर जाते, म्हणून ही हवा गार करणाऱ्या इंटरकूलरची निवड कॅमच्या निवडीइतकीच गंभीर आहे. इंधन आणि ठिणगी यांची चर्चा येथे आवरती घेता येईल, कारण तो भाग आता संगणकाच्या साहाय्याने पुष्कळ सुकर झाला आहे. ९००० फेऱ्यांवर चार स्ट्रोकांचे एक चक्र १३.३ मिलिसेकंदांत संपते आणि इंजेक्टरला आपले काम तेवढ्यात उरकावे लागते, एवढे ध्यानात ठेवले तरी इंजेक्टरच्या आकाराचा हिशेब चुकत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला यातील पुष्कळ गोष्टी परक्या वाटू नयेत. मुंढव्याच्या भारत फोर्जमध्ये घडणारे क्रँकशाफ्ट जगभर जातात. पुण्या-पिंपरीतील यंत्रशाळांत ‘ईएन २४’ म्हणून नित्य हाताळले जाणारे निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनमयुक्त पोलाद हे शर्यतीच्या रॉडसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ४३४० या पोलादाचे जवळचे भावंड आहे. मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल गेज यांवर ज्यांचा हात बसला आहे, त्यांच्याजवळ या विद्येचा निम्मा भाग आधीच आहे. मात्र भारतात मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल रस्त्यावरच्या वाहनात करता येत नाही. म्हणून येथील विवेचन बंदिस्त मार्गावरील शर्यतीच्या इंजिनांसाठीच आहे, हे गृहीत धरावे.

पुस्तकाची मांडणी सुटे भाग विकत घेण्याच्या क्रमाने केलेली नाही. प्रथम कमाल फेरे ठरवायचे, त्यावरून त्वरण आणि बोल्टवरील ताण काढायचा, मग तेल, मग व्हॉल्व्हची यंत्रणा, आणि सर्वांत शेवटी टर्बो निवडायचा, असा हा क्रम आहे. प्रत्येक टप्प्यावर मापन, नोंद आणि पुनर्तपासणी यांना स्वतंत्र जागा दिली आहे : वापरलेला ऑइल फिल्टर कापून त्यात धातूचे कण पाहणे, प्रत्येक सिलिंडरची गळती ठरावीक अंतराने मोजणे, आणि ठरलेल्या तासांनंतर रॉडचे बोल्ट शाबूत दिसत असले तरी बदलणे, कारण थकलेला बोल्ट डोळ्यांना नव्यासारखाच दिसतो.

कमाल फेऱ्यांची मर्यादा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कितीही काटेकोर लावली, तरी ती इंजिनाला फक्त स्वतःच्या जोरावर वेग वाढवण्यापासून रोखते. चाकांनी इंजिनाला ओढले तर तिचे काही चालत नाही. आरबी २६ च्या पहिल्या जीटी-आरमध्ये चौथ्या गिअरचे प्रमाण १.००० आणि तिसऱ्याचे १.३०२ आहे. चौथ्यात ७५०० फेऱ्यांवर असताना पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला आणि क्लच सोडला, तर क्रँकशाफ्ट क्षणात ९७६५ फेऱ्यांवर खेचला जातो आणि रॉडच्या बोल्टवरील ताण ८००० फेऱ्यांच्या तुलनेत सुमारे दीडपट होतो. रॉडच्या बोल्टचा आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगचा हिशेब करताना मीटरवरील लाल रेषेचा आकडा न धरता हा चुकीच्या गिअरचा आकडा धरावा, आणि तेवढी ताकद परवडत नसेल तर लाल रेषाच खाली आणावी, अशी भूमिका घेऊन पुढील सर्व कोष्टके तयार केली आहेत.